टाकीपासून नोझलपर्यंत

पुण्याकडून निघालेला ट्रक तुमकूर रस्त्यानं बेंगळुरूत शिरतो. यशवंतपूरच्या बाजार आवारात नाशिक-नगरचा कांदा उतरवायचा असेल तर त्याची फेरी तिथंच संपते. कोलार किंवा चेन्नई गाठायची असेल तर गोरगुंटेपाळ्याला डावीकडे वळायचं, रिंग रोड धरायचा आणि हेब्बाळवरून कृष्णराजपुरमकडे उतरायचं. हेब्बाळलाच हैदराबादकडून येणारा बल्लारी रस्ता मिळतो. तो पूर्वी 7 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता 44 नंबरचा आहे. 2003 मध्ये या चौकावर फ्लायओव्हर झाला. 2008 मध्ये देवनहळ्ळीला नवा विमानतळ सुरू झाला आणि अर्ध्या शहराला विमान पकडायला हेब्बाळवरून जावं लागू लागलं. तेव्हापासून इथं चढावर एक ट्रक जरी बंद पडला तरी मागे मैलभर गाड्या तुंबतात, आणि ट्रकमधला माणूस डिझेल फिल्टरचा विचार करत असताना मागचे शेकडो लोक आपल्या विमानाचा विचार करत असतात.

तीस-चाळीस वर्षांपूर्वी हेब्बाळ म्हणजे शहराची वेस. एका अंगाला तलाव, पुढे कृषी विद्यापीठाची जमीन आणि रस्त्याच्या कडेला गाडी घ्यायला हवी तेवढी जागा. गाडीनं एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, तर चालक खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, पंधरा-वीस मिनिटं खाटखूट करायचा आणि निघून जायचा. कुणाला पत्ताही लागत नसे.

डिझेलचा ट्रक इंधनाअभावी का बंद पडतो, याची कारणं या सगळ्या काळात फारशी बदललेली नाहीत. कचरा, पाणी आणि हवा ही तीन कारणं तेव्हाही होती, आजही आहेत. बदलली ती कारणं शोधण्याची रीत. या बदलात चालकाच्या हातातलं बरंच ज्ञान गेलं. त्यातलं काही जाणं भागच होतं, काही मात्र उगीच गेलं.

या शहराचं आणि डिझेल पंपाचं नातं फ्लायओव्हरहून पुष्कळ जुनं आहे. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये नीट चालून दाखवलं गेलं, तेव्हा त्यात इंधन फवारलं जायचं ते दाबलेल्या हवेच्या जोरावर. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर इतका बोजड की ते इंजिन कारखान्यात किंवा जहाजावर शोभे. ट्रकवर चढवायची सोय नव्हती. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या बॉश कंपनीनं 1927 पासून इंजेक्शन पंप मोठ्या संख्येनं बनवायला घेतला, आणि डिझेल खऱ्या अर्थानं रस्त्यावर आलं. बेंगळुरूत 1951 मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, स्थापन झाली. आडुगोडीच्या तिच्या कारखान्यातून स्पार्क प्लग आणि डिझेलचे पंप निघू लागले. 1954 मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि देशात पंपांना गिऱ्हाईक तयार झालं. पुढे मायकोनं नाशिकला सातपूरमध्ये दुसरा कारखाना काढला. तिथं नोझल आणि इंजेक्टर होऊ लागले. म्हणजे कित्येक वर्षं देशातल्या कितीतरी ट्रकांचा पंप बेंगळुरूचा आणि नोझल नाशिकची असा संसार होता. 2008 मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं. कागदोपत्री बदललं, एवढंच. नाशिकचं मायको सर्कल आणि बेंगळुरूचं मायको लेआउट अजून त्याच नावानं ओळखलं जातं, आणि जुने मिस्त्री कुठल्याही रांगेतल्या पंपाला मायकोचा पंपच म्हणतात.

हा रांगेतला पंप समजून घेतल्याशिवाय जुन्या निदानाची गंमत कळणार नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनाला एका ओळीत सहा एलिमेंट. प्रत्येक एलिमेंट म्हणजे एक प्लंजर आणि त्याचं बॅरल. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून काम किती बारीक ते लक्षात येईल. पंपाच्या अंगावर बसवलेला छोटा फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो आणि दोन फिल्टरांतून पुढे ढकलतो. पहिला फिल्टर नमद्याचा किंवा कापडाचा, जाड कचऱ्यासाठी. दुसरा कागदाचा, बारीक कचऱ्यासाठी. गाळलेलं डिझेल पंपाच्या पोटात एक-दीड बार दाबानं भरून राहतं. तिथून प्रत्येक एलिमेंट आपल्या वाट्याचं मोजून घेतो आणि जाड भिंतीच्या पोलादी नळीतून पुढे मारतो. दाब दोनशे बारच्या आसपास गेला की नोझल उघडते आणि डिझेल धुक्यासारखं सिलिंडरमध्ये पसरतं.

वाटेचे असे दोन भाग पडतात. टाकीपासून पंपापर्यंत कमी दाबाचा, पंपापासून नोझलपर्यंत जास्त दाबाचा. बिघाड बहुतेक वेळा पहिल्या भागात असतो आणि मोठा खर्च दुसऱ्या भागात. एवढं ज्याला उमगलं त्याला निम्मा मिस्त्री म्हणायला हरकत नसे.

क्लीनर म्हणून गाडीवर चढलेल्या पोराला, ज्याला आपल्याकडे किन्नर म्हणत, पहिली विद्या मिळायची ती एअर काढण्याची. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपावरचा हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की मारता मारताच स्क्रू आवळायचा. तेच पंपाच्या पोटावरच्या स्क्रूला. तरीही गाडी लागली नाही तर नोझलकडच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल ठिबकलं की एकेक नट आवळत जायचं. दोन-तीन सिलिंडर पेटले की बाकीचे आपोआप पाठोपाठ येतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या पुष्कळ पोरांना हे गाडीवर चढण्याआधीच येत असे, कारण विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची हवा काढताना त्यांनी बापाला पाहिलेलं असे. किर्लोस्करांनी 1946 मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. मराठी शेतकऱ्यानं डिझेल इंजिनाशी जवळीक केली ती ट्रकमुळे कमी, मोटेच्या जागी आलेल्या त्या इंजिनामुळे जास्त.

एअर काढणं सोपं. एअर कुठून येते हे शोधणं अवघड. फीड पंप टाकीकडून डिझेल ओढतो, त्यामुळे त्याच्या अलीकडच्या नळीत कुठं बारीक भोक असेल तर गाडी चालू असताना तिथून डिझेल गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. नवख्याला ओल कुठंच दिसत नाही आणि तो पंपावर संशय घेतो. जाणता मिस्त्री बॅन्जो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर पाहायचा. एकदा दाबलेला वॉशर पुन्हा वापरला की बसत नाही, आणि रस्त्यावर नवा कोण शोधणार, म्हणून जुनाच उलटा करून घातलेला असायचा. रबरी होजला चिरा, चेसिसला घासून झिजलेली नळी, फिल्टरच्या भांड्याचं चपटं झालेलं रबर, हातपंपाचं झिजलेलं वॉशर, सगळं हातानं चाचपायचं.

तरीही पत्ता लागला नाही तर शेवटचा आणि सगळ्यांत शहाणा उपाय म्हणजे डबा लावणं. पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेलनं भरून केबिनला टांगायचा, टाकीकडून येणारी नळी सोडायची आणि दुसरी नळी कॅनमधून थेट फीड पंपाला द्यायची. गाडी कॅनवर नीट चालली तर दोष टाकीत किंवा टाकीच्या नळीत. कॅनवरही रडली तर फीड पंप, फिल्टर किंवा त्याच्या पुढे. खर्च शून्य आणि अर्धी गाडी संशयातून मोकळी. डिझेल गाडीच्या निदानात यापेक्षा सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

पुणे-बेंगळुरू रस्ताच मुळात एक लांबलचक टेस्ट बेंच आहे. खंबाटकी, मग कागल ओलांडल्यावर निपाणीजवळचा तवंदी, बेळगावच्या आधी वंटमुरी. सपाटीला इंजिन थोडकंच डिझेल मागतं, म्हणून अर्धा तुंबलेला फिल्टरही निभावून नेतो. घाट लागला, लोड आला, की मागणी वाढते आणि तुंबलेल्या फिल्टरमधून तेवढं येत नाही. गाडी दम तोडते, गिअर उतरत जातात, धूर मात्र काळा नसतो. हा धुराचा भाग महत्त्वाचा. काळा धूर मारत ओढ कमी झाली तर हवा कमी पडते आहे किंवा नोझल टपकते आहे. धूर नसताना ओढ कमी झाली तर डिझेलच पोचत नाही. पांढरा धूर, त्यात सकाळच्या गारव्यात मिसिंग, म्हणजे डिझेल पोचतं आहे पण पेटत नाही. हवा मिसळली, पाणी मिसळलं किंवा पंपाचं टायमिंग सरकलं.

आणखी एक दुखणं होतं, ज्यानं भलेभले चक्रावत. गाडी तासभर उत्तम चालायची, मग हळूहळू मरायची. उभी केली, चहा पिऊन आलं, की पुन्हा सुरू. फिल्टर नवा, फीड पंप ठणठणीत. कारण टाकीच्या झाकणात. डिझेल कमी होत जाईल तशी टाकीत हवा शिरायला झाकणाला बारीक छिद्र असतं. ते चिखलानं बुजलं किंवा कुणी भलतंच झाकण लावलं की आत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला ओढ लागत नाही. चहा पिईपर्यंत हवा कशीबशी आत शिरते. झाकण उघडताना सूं असा आवाज आला की निदान झालं.

टाकीच्या तळाचीही एक कथा आहे, आणि ती आपल्या सीमेची आहे. बरीच वर्षं कर्नाटकात डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळत आलं. त्यामुळे कोल्हापूरकडून येणारी गाडी टाकी तळाला नेत कोगनोळी ओलांडायची आणि पलीकडे भरायची. पैसे वाचत, यात शंका नाही. पण तळाला जाण्यात दोन तोटे होते. टाकीच्या बुडाशी वर्षानुवर्षं बसलेला गंज आणि गाळ ढवळून नळीकडे यायचा. आणि रिकाम्या टाकीच्या भिंतींवर पावसाळ्याच्या रात्री दव धरायचं, ते खाली उतरून पाणी व्हायचं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतं, आणि नळीचं तोंडही तळाजवळच असतं. मालकाच्या वहीत वाचलेले रुपये दिसत, दोन महिन्यांनी आलेलं नोझलचं बिल वेगळ्या पानावर असे. दोन्ही पानं एकत्र वाचणारे मालक थोडे.

कचरा आणि पाणी हे नकळत येतात. केरोसीन मात्र माणसानं मुद्दाम घातलेलं. रेशनचं निळं रॉकेल डिझेलपेक्षा इतकं स्वस्त होतं की ते टँकरात मिसळणं हा एक धंदाच झाला. इंजिन रॉकेलवर चालतं, म्हणून चालकाला लगेच कळत नाही. पण पंपाच्या प्लंजरला वंगण दुसरं कुठलं नसतं, डिझेल हेच वंगण. रॉकेल पातळ आणि कोरडं. फट हळूहळू वाढते, आणि मग एक ठरावीक लक्षण दिसतं: सकाळी थंड गाडी एका सेल्फला लागते, दुपारी ढाब्यावर जेवून आलं की गरम गाडी काही केल्या लागत नाही. गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या प्लंजरच्या बाजूनं निसटतं, दाब धरत नाही. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकून तो थंड करायचा आणि गाडी लावायची, हा तोडगा हायवेवर सर्रास चाले. मिस्त्रीला ते ओलं फडकं दिसलं की पंप उतरवायची वेळ आली हे कळायचं.

या भेसळीनं माणसं मारली. मूळच्या कोलार गोल्ड फील्ड्सच्या एस. मंजुनाथ या इंडियन ऑइलच्या तरुण अधिकाऱ्याचा नोव्हेंबर 2005 मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात खून झाला; त्यानं भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली होती. आणि 25 जानेवारी 2011 ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला भेसळ करणाऱ्यांनी पेटवून दिलं. महाराष्ट्र हादरला, सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, छापे पडले. वाहनांच्या पुस्तकांत भेसळीचं वर्णन ‘इंधनाची गुणवत्ता’ अशा सभ्य मथळ्याखाली येतं. पानेवाडी आठवली की तो मथळा फार मिळमिळीत वाटतो.

पुढे रॉकेल आणि डिझेल यांच्या किमतींतलं अंतर आटलं, रेशनचं रॉकेलही आटत गेलं, आणि हा प्रकार बराच मागे पडला. पूर्ण गेला असं नाही. बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच तेल विकणाऱ्यांविरुद्ध गुजरातला 2020-21 च्या सुमाराला मोहीम काढावी लागली.

दरम्यान डिझेलच बदलत होतं. 1996 मध्ये त्यातल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 5,000 होती, 2000 मध्ये 2,500 झाली. 2005 मध्ये देशभर बीएस-2, म्हणजे भारत स्टेज-2 हे प्रदूषणमान आलं, 500. 2010 मध्ये देशभर बीएस-3, म्हणजे 350. पण तेरा शहरांत बीएस-4, म्हणजे 50. त्या तेरांत बेंगळुरू होतं, पुणे होतं आणि आपलं सोलापूरही होतं. लांब पल्ल्याच्या ट्रकला याचा अर्थ असा की शहरात भरलं तर एक डिझेल, हायवेवर भरलं तर दुसरं. आणि म्हणूनच नॅशनल परमिटच्या ट्रकांना पुढची सात वर्षं बीएस-3 वरच ठेवावं लागलं. 29 मार्च 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिलपासून बीएस-3 गाड्यांच्या विक्रीला मनाई केली, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-5 ओलांडून थेट बीएस-6 आलं. गंधक 10 वर उतरलं. गंधक काढताना डिझेलचा ओशटपणाही कमी होतो, म्हणून रिफायनरीत वंगणासाठी वेगळं रसायन मिसळावं लागतं. रॉकेलनं जे चोरून केलं होतं ते नियमानं करावं लागलं, फरक इतकाच की या वेळी उपायही सोबत दिला गेला.

गंधक कमी झालं तसं पंपाचं युगही पालटलं. बेंगळुरूकरांनी याची चुणूक इतरांच्या आधी पाहिली होती. हेब्बाळहून रिंग रोडनं पुढे गेलं की जुना मद्रास रस्ता लागतो, आणि त्यावरच्या होसकोटेला 1998 मध्ये व्होल्वोनं ट्रकचा कारखाना काढला. त्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, संगणकाच्या हुकमानं चालणारा इंजेक्टर होता. रस्त्यावरच्या मिस्त्रीनं बॉनेटखाली पाहिलं, ओळखीचा पंप दिसला नाही, आणि त्यानं हात मागे घेतला.

कॉमन रेल हे त्याच्या पुढचं पाऊल. जपानमध्ये डेन्सोनं ते 1995 मध्ये हिनोच्या ट्रकवर आणलं, युरोपात 1997 मध्ये अल्फा रोमिओच्या मोटारीवर आलं. आपल्या ट्रकांत ते 2010 पासून हळूहळू आणि 2017 नंतर झपाट्यानं शिरलं. अशोक लेलँडनं मात्र बीएस-4 साठी रांगेतला पंप ठेवून एक्झॉस्टचा धूर पुन्हा इंजिनात फिरवण्याचा मार्ग निवडला आणि त्याची जाहिरातही तशीच केली: साधी गाडी, कुठंही दुरुस्त होणारी. चालकांना ती का पटली हे सांगायला नको. बीएस-6 नं तो मार्गही अरुंद केला.

नव्या व्यवस्थेत एकच पंप डिझेल दाबून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरून ठेवतो. दाब सोळाशे ते दोन हजार बार. तिथून प्रत्येक इंजेक्टर संगणकाच्या इशाऱ्यावर हजारांश सेकंदांपुरता उघडतो, एकाच फटक्यात दोन-तीनदासुद्धा. धूर कमी, आवाज कमी, ओढ जास्त, डिझेल कमी. जुन्याच्या आठवणीत रमणाऱ्यांनी एकदा 1990 च्या सुमाराचा घाट आठवावा, पुढच्या ट्रकच्या काळ्या ढगात डोळे चोळत केलेला. नवं इंजिन चांगलं आहे. वाद त्याबद्दल नाही.

पण निदानाच्या जुन्या युक्त्यांपैकी एक इथं जिवावर बेतते. पूर्वी कुठला सिलिंडर मेला आहे हे पाहायला चालू गाडीत एकेका नळीचा नट सैल करत. आवाज बदलला तर सिलिंडर जिवंत, बदलला नाही तर नोझल गेली. कॉमन रेलवर असं केलं तर बाहेर येणारी बारीक धार कातडी भेदून मांसात शिरते. वर टाचणीएवढी जखम दिसते आणि आत बोट सडतं, तातडीनं शस्त्रक्रिया लागते. चालू गाडीत या नळ्यांना पाना लावायचाच नाही, आणि गाडी बंद केल्यावरही दाब उतरू द्यायचा. जुन्या मिस्त्रींना हे शिकवायला हवं होतं ते गाड्या विकणाऱ्यांनी. फार थोड्यांनी शिकवलं.

आणि मग स्कॅनर आला. गाडी लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे संगणकानं तिची ओढ आवळली, चेक लाइट पेटला, की मेकॅनिक स्कॅनर लावतो. पडद्यावर येतं: रेलचा दाब कमी. इथं अनेकांची गल्लत होते. स्कॅनर दाब कमी आहे एवढंच सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही. फिल्टर तुंबला असेल, टाकीची जाळी बुजली असेल, नळी हवा घेत असेल, पंपात जाणारं डिझेल मोजणारं मीटरिंग युनिट अडकलं असेल, इंजेक्टर आतून गळत असेल किंवा सेन्सरच खोटं बोलत असेल. सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण दोनशे बार जमल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. म्हणजे फिल्टर बदलताना राहिलेली थोडी हवाही गाडी बंद पाडायला पुरते. फुटक्या नळीनं उसाचा रस ओढला तर तोंडात जसा फेसच येतो, तशी दोन हजार बारच्या पंपाची गत टाकीच्या नळीतल्या एका चिरेनं होते. तो पंप कितीही जोरकस असला तरी त्याला दाबायला आधी डिझेल मिळावं लागतं.

मी पाहिलेल्या बिलांत आणि ऐकलेल्या तक्रारींत एकच क्रम पुन्हा पुन्हा येतो. आधी सेन्सर बदलला. मग मीटरिंग युनिट. मग इंजेक्टरचा संच, जो लाखाच्या घरात जातो. शेवटी कुणीतरी टाकी उतरवली तेव्हा नळीच्या तोंडाशी पुठ्ठ्याचा तुकडा किंवा फडक्याचा लोळा निघाला. हा क्रम उलटा असायला हवा होता, आणि जुन्या किन्नरानं तो उलटाच केला असता, कारण इंजेक्टर बदलायची त्याची ऐपत नव्हती. महागडा भाग आधी बदलायची चैन त्याला परवडणारी नव्हती, म्हणून तो टाकीकडून निघायचा.

जुन्या सगळ्याच युक्त्या गेल्या असं नाही. डबा लावण्याचा प्रयोग आजही चालतो, फक्त कॅन आणि नळी दवाखान्याइतकी स्वच्छ हवी आणि नळीचं माप गाडीच्या नळीइतकं हवं. पारदर्शक नळी मध्ये जोडली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. इंजेक्टर आतून गळतो का हे पाहायला परतीच्या नळ्या काढून प्रत्येकीखाली एकसारखी बाटली लावतात. जिच्यात जास्त डिझेल जमलं तो इंजेक्टर दोषी. ही नट सैल करण्याच्या जुन्या युक्तीची नवी आणि सुरक्षित बहीण. फिल्टर उघडला तर त्यातलं डिझेल पांढऱ्या कपड्यावर ओतून पाहायचं. पाण्याचे थेंब दिसले तर टाकी रिकामी करायची. चमकणारा धातूचा चुरा दिसला तर मात्र पंप आतून खाल्ला गेला आहे आणि चुरा इंजेक्टरपर्यंत पोचला आहे. तिथं काटकसर करून उपयोग नाही, सगळी व्यवस्था साफ करून घ्यावी लागते.

हेब्बाळला आज गाडी बाजूला घ्यायला जागा उरलेली नाही. बंद पडलेला ट्रक पोलिसांची क्रेन येऊन हलवते. रस्त्यावर बसून एअर काढायचे दिवस शहरात संपले, ते बरंच झालं म्हणायचं. म्हणजे तपासणी निघण्याआधी व्हायला हवी. जुन्या चालकाला वाटेत बिघाड काढता येत होता. आजच्याला तो निघण्याआधी हेरता आला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारं ज्ञान तेच आहे. ट्रक विकणाऱ्या कंपन्या चालकांसाठी वर्ग घेतात. त्यांत मायलेज कसं काढावं यावर बराच वेळ जातो. कमी दाबाच्या बाजूला त्यातला एक तास दिला तर मालकाचे इंजेक्टर वाचतील आणि हेब्बाळच्या चढावरची रांगही.

मालकांना आणि चालकांना सांगणं एवढंच. वॉटर सेपरेटरमधलं पाणी रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी काढा. टाकी पावभाग उरण्याआधी भरा, सीमेपलीकडचा दर कितीही मोह घालो. फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या अंतराला बदला, आणि बदलताना तांब्याचे वॉशर नवे घाला. घाटात धूर नसताना ओढ गेली तर मेकॅनिकला आधी झाकण, जाळी, नळी आणि फिल्टर पाहायला सांगा, आणि इंजेक्टरला हात लावण्यापूर्वी बाटल्यांची चाचणी तुमच्यासमोर करून घ्या.